रविवारचं पाणी

१९ जाने., रवि.
हे सकाळपासून हॉलमध्ये, टाकीकडे तोंड करून. खुर्ची मीच तशी ठेवली. झटका आल्यापासून उजवा हात ठेवू तिथेच पडून राहतो, आणि तोंडातून शब्द निघत नाही. ‘हां’ आणि नुसता आवाज. पण माशांकडे बघताना चेहरा सैल होतो. दवाखान्यातून माणूस घरी आलं, समोर बसलंय. आणखी काय मागू.

टाकी दिवाणाएवढी लांब. गोल्डफिश आणि काचेला चिकटून बसणारा एक काळा सकर. दर रविवारी दुकान बंद ठेवून पाणी हेच बदलायचे, मी स्वयंपाकघरात. कधी डोकावलेसुद्धा नाही. आता पाणी पिवळट, तळाशी घाण. दवाखान्याच्या धावपळीत कोणाच्या लक्षात राहणार.

शनिवारी माझी शाळा लवकर सुटते, तेव्हा बघू.

२५ जाने., शनि.
शाळेतून आले आणि पदर खोचला. मासे कपड्यांच्या टबात काढले. बादल्यांनी टाकी पार रिकामी केली, खडे घासले, काचा घासल्या, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून स्वच्छ केला. मग नळाचं ताजं पाणी. कंबर गेली, पण टाकी लखलखीत.

मी राबत होते तेव्हा हे सारखं काही सांगत होते. “अर्... धा.” झटक्यानंतरचा पहिला शब्द. माझ्या हातातला पाण्याचा मग खाली पडला. विचारलं, “अर्धो कप चाय होयी?” आणि उत्तराची वाट न बघता करून आणली. ह्यांनी डाव्या हाताने कप बाजूला सारला, डोळे मिटून घेतले. थकले असतील.

अनुजाला पुण्याला फोन केला, बाबा बोलले म्हणून. लेक रडलीच.

२६ जाने., रवि.
झेंडावंदन करून आले तर तीन मासे उलटे तरंगत होते. बाकीचे वर येऊन आ वासत होते. पाणी दुधासारखं. शेजारच्या कुंदाकाकी ह्यांच्या सोबतीला बसल्या होत्या, त्यांना काय करावं कळेना. ह्यांच्या गालावर ओघळ सुकलेले.

पुन्हा अनुजाला फोन. तिने कुठे कुठे वाचून सांगितलं. सगळं पाणी एकदम कधीच बदलायचं नसतं. थोडं काढायचं, तेवढंच घालायचं. जुन्या पाण्यात, खड्यांत, स्पंजात पाणी चांगलं ठेवणारे जंतू असतात, ते मी घासून धुऊन टाकले. वर नळाच्या पाण्यातलं ब्लीचिंग.

फोन ठेवला आणि डोक्यात लख्ख झालं. चहा नव्हे.

ह्यांच्यापुढे जमिनीवर बसले. म्हटलं, “पाणी अर्धाच काढूचा, ह्याच सांगत होतात?”

“हां.”

वाटलं, चिडतील. डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ तिथेच ठेवला.

२७ जाने., सोम.
रजा टाकली. सकाळी दोन आवारांमधल्या दगडी गडग्यापलीकडून कुंदाकाकींची हाक, मासे आसत काय. आसत, पण कसेबसे. म्हणाल्या, “नळाचा सोड गो. माझ्या विहिरीचा ने, होया तितक्या.” त्यांच्या विहिरीत ब्लीचिंग पडत नाही, पाणी गोडं. त्यांनीच पंप लावून गडग्यावरून पाइप आमच्या पडवीत सोडली.

आता किती काढून किती घालायचं? ह्यांनी एक बोट दाखवलं. एक बादली. दुसरी उचलली तर मान हलवली. मग काहीतरी मागू लागले. मी वाटी आणली, नाही. झारा, नाही. तवासुद्धा आणून दाखवला, तेव्हा हसले. शेवटी प्लास्टिकची ताटली आणली तर “हां”. ताटली पाण्यावर तरंगत ठेवायची आणि तिच्यावर हळू ओतायचं, म्हणजे तळ ढवळत नाही.

घरात किती दिवसांनी कोणी हसलं.

३० जाने., गुरु.
आणखी एक गेला. पण बाकीचे वरून खाली उतरलेत. सकाळी एक बादली काढते, एक घालते, संध्याकाळी तसंच. दुधीपणा कमी होतोय.

कुंदाकाकींना म्हटलं, तुमचे उपकार कसे फेडू. म्हणाल्या, विहिरीत पाणी मी थोडंच घातलंय.

२ फेब्रु., रवि.
पाणी स्वच्छ. सकर इतके दिवस दगडाआड होता, आज काचेवर आला. स्पंज पुन्हा धुवायला नळाकडे निघाले तर ह्यांनी जोरात आवाज केला. टाकीतून काढलेल्या बादलीकडे बोट. तिथे, त्याच पाण्यात, हलक्या हाताने. बरं बाबा.

९ फेब्रु., रवि.
बादल्या उपसून पाठीचं काही खरं नाही. ह्यांनी माळ्याकडे बोट केलं. वर ह्यांची पारदर्शक पाइप गुंडाळून ठेवलेली. ती हे एकटे कशी लावायचे कोण जाणे, तोंडाने ओढत असतील. मला ते जमायचं नाही, घाण पाणी तोंडात गेलं. ह्यांनी डावा अंगठा वर करून दाखवला. कळायला वेळ लागला.

पाइप अख्खी टाकीत बुडवून भरायची. दोन्ही तोंडांवर अंगठे. एक तोंड पाण्यातच राहील, दुसरं खिडकीबाहेर, टाकीच्या तळाहून खाली. मग एकदम सोडायचं. एक अंगठा ह्यांचा, एक माझा. खुर्ची टाकीला लावली, हे आत हात घालून बसले, मी खिडकीबाहेर माडाच्या मुळाशी. आतून “हां” आलं. सोडलं. पाणी धो धो धावलं, माझे पाय भिजले.

ह्यांनी आतलं तोंड खड्यांवरून फिरवून तळाची घाण ओढून घेतली, अगदी शांतपणे. आता घाण कमी, अर्धी नको; पाव टाकी उतरली तशी पाइप बाहेर काढली. कुठे थांबायचं ते त्यांना न मोजता ठाऊक.

इतक्या वर्षांत आम्ही दोघांनी मिळून असं काय केलं होतं? आठवत नाही. आज केलं.

१६ फेब्रु., रवि.
पाणी झालं. नंतर अनुजाचा फोन. तिचं म्हणणं चुकीचं नाही. आई, तुझी शाळा, बाबांचं सगळं, त्यात ही टाकी. पुण्याला या, इथे चांगले डॉक्टर आहेत. टाकीसाठी तिने मालवणकडचा एक हॉटेलवाला शोधलाय, मासे जिवंत ठेवीन म्हणतोय. पुढच्या रविवारी बघायला येईल.

पोरगी काळजीने झुरते. तिच्यावर रागावता येत नाही. मी ‘येऊ दे’ म्हणाले. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

२२ फेब्रु., शनि.
सांगितलं. जेवले कमी.

२३ फेब्रु., रवि.
हॉटेलवाला दहाच्या सुमारास आला. आम्ही पाणी बदलत होतो, मी ओल्या साडीने दारात. माणूस सभ्य. टाकी फिरून बघितली, कौतुक केलं, कधी न्यायची विचारलं. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांचा हात पाण्यात, पाइपच्या तोंडावर.

“नाय,” म्हणाले. मग थोडं थांबून, एकेक शब्द ढकलत, “हिका... होयी.”

हिला हवी. म्हणजे मला. स्वतःचं नाव नाही घेतलं.

हॉटेलवाल्याला सोलकढी दिली, तो समजून गेला. अनुजाला कळवलं. ती म्हणाली, बाबा एवढं बोलले?

८ मार्च, शनि.
व्यायाम शिकवायला बाई येतात, त्या म्हणाल्या शब्द वाढतायत. पाणी, पाइप, बंद, हळू, पुरे. सगळे रविवारचे शब्द. बाई म्हणाल्या, कामातून आलेला शब्द टिकतो. उजव्या हाताचं मात्र त्या काही बोलत नाहीत. मीही विचारत नाही.

१६ मार्च, रवि.
शिमग्याची गडबड, आज पाणी बदलायला दुपार झाली. हे सकाळपासून “रविवार, रविवार” करून माझ्या मागे. आधी शब्द नव्हता म्हणून रडायचे, आता बोलून बोलून जीव खातात. खाऊ देत.

टाकीचं काढलेलं पाणी पिऊन खिडकीखालचं कढीपत्त्याचं झाड नुसतं फुटलंय. कुंदाकाकींना रोज एक डहाळी.

३० मार्च, पाडवा.
गुढी उभारली. अनुजा आली, दोन दिवस राहील. तिला पहिल्यांदाच पाइप धरायला दिली, तिने अंगठा लवकर सोडला, हॉलभर पाणी. हे हसता हसता खोकायला लागले. फरशी पुसताना ती म्हणाली, “मी उगीच घाई केली गो.” म्हटलं, तू केलीस म्हणून तर ह्यांना बोलावं लागलं.

पुण्याचं तिने पुन्हा काढलं, पण हळू आवाजात. मे महिन्याच्या सुट्टीत येऊन तर बघा म्हणाली. तिथल्या डॉक्टरांना हात दाखवू. मलाही वाटतं, दाखवावा. टाकीचं कोण बघणार हे कोणीच बोललं नाही.

६ एप्रिल, रवि.
उकाडा फार. पाणी उशिरा काढलं. मी खिडकीबाहेर, पाइप माडाच्या आळ्यात. आतून नेहमीचं “हां” झालं, पाणी सुरू झालं. मग बराच वेळ आवाज नाही. खिडकीतून वाकून बघितलं.

ह्यांनी पाइप काठाला अडकवली होती. डाव्या हाताने उजवा हात उचलून पाण्यात सोडला होता, कोपरापर्यंत. तिथे तो जड दिसत नव्हता. मोठा तांबडा मासा येऊन बोटांना तोंड लावत होता. बोटं उघडली, थोडी मिटली, पुन्हा उघडली.

पाण्याच्या ओढीने हलली की ह्यांनी हलवली, मला दिसलं नाही. हे तिकडेच बघत होते, श्वास धरून. मी हाक मारली नाही. पाव टाकीहून जास्त पाणी गेलं, तरी कोणी ‘पुरे’ म्हणालं नाही.