पुढची रेघ

५ डिसेंबर १९६३
माझ्या बॉलने आज पुष्पा माथुरचा अंगठा सुजला. ती आमची विकेटकीपर आणि कॅप्टन. म्हणाली, "तू गेंद फेंकती है या दुश्मनी निकालती है?" मनातून बरं वाटलं. अण्णांनी मला चार शब्द सुनावले, पण त्यांनाही बरं वाटलं असणार. स्वतःच्या मुलीला फास्ट टाकायला त्यांनीच शिकवलं. कॉलेजात केमिस्ट्री शिकवतात, आणि नियमांचं पुस्तक फक्त त्यांच्याकडे, म्हणून अंपायरही तेच.
१५ ला मॅच. दिल्लीच्या वकिलातींतल्या गोऱ्या बायका जयपूरला येतायत. त्यांची कॅप्टन मिस जोन स्वतःच्या देशाकडून खेळलेली आहे. आपल्याकडे बायकांची तशी टीमच नाही. तिला एकदा आउट करायचंय, बस्स.

१५ डिसें.
हरलो.
टॉसच्या आधी मिस जोन अण्णांना म्हणाली, आमच्याकडे आता नो बॉलसाठी बॉलरचा मागचा पाय बघत नाहीत, पुढचा बघतात. टाच पुढच्या रेघेच्या मागे हवी. आज तसं खेळू या? अण्णा लगेच "जरूर". पाहुण्यांना नाही म्हणणं आमच्या घरात कुणाला जमतच नाही. माझा मागचा पाय अगदी चोख. पुढचा रेघेच्या वीतभर पुढे पडतो, हे अण्णांनीच कधीतरी मोजलेलं!
पहिलाच बॉल. जोनची मधली दांडी उडाली. मी उडी मारली. वळून बघते तर अण्णांचा हात आडवा. नो बॉल.
मग आणखी सहा वेळा. दोन ओव्हरनंतर पुष्पाने बॉल काढून घेतला.
आईने शिरा केला होता. तसाच राहिला.

१६ डिसें.
अण्णांचा भयंकर राग आलाय. विचारलंच, "शब्द का दिलात?"
"दिला खरा. तुझा पाय तेव्हा डोक्यातच आला नाही."
"मग निदान तेवढ्या एका बॉलला हात खाली ठेवायचा."
चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "तुझा आजवरचा सगळ्यात चांगला बॉल होता तो. आणि नो बॉल होता."
आत जाऊन रडले.

२१ डिसें.
अण्णांना जोनचं पत्र. ९ फेब्रु.ला टीम पुन्हा जयपूरला येतेय. मार्चमध्ये ती मायदेशी परत जाणार. मला तोवर रेघेमागून टाकता आलं, आणि एवढ्याच वेगात, तर तिच्या क्लबला माझ्यासाठी लिहील. एक सीझन. तिथे देशोदेशीच्या मुली खेळतात म्हणे.
आई आधी "इतक्या लांब?" म्हणाली. थोड्या वेळाने ट्रंकेतून लोकर काढून बसली.
मला जायचंय. खूप जायचंय.

२९ डिसें.
खातीपुऱ्याच्या माळावर. पुष्पा आणि मी सायकलने गेलो. रन-अप वीतभर मागून सुरू केला, तरी शेवटी ढांग लांबतेच. खाली बघितलं तर बॉल भलतीकडे. पाऊल आखडलं तर वेग गेला. पुष्पा एका हाताने बॉल धरून म्हणते, "अब तो मेरी दादी भी खेल ले."
झोंबलं.

१४ जाने. १९६४
संक्रांत. सगळं जयपूर गच्चीवर पतंग उडवतंय. पुष्पाही. मी मागच्या बोळात एकटीच, भिंतीवर बॉल टाकत होते.
आई रांगोळीचा डबा घेऊन आली. जाडसर रेघ ओढली, तीळगुळाची वाटी घेऊन पाटावर बसली. "तू खाली बघू नकोस. मी बघते."
"टाच पुढे." "टाच पुढे." दर वेळी उठून रेघ नीट करायची. सातारची माणसं चिवट! तीळगूळ संपला, तरी "टाच पुढे".
मग एकदा काहीच बोलली नाही. वळून बघितलं. रेघेच्या मागे टाचेचा गोल, स्वच्छ. "ही बघ," म्हणाली आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली.
वेग होता का, कुणास ठाऊक. भिंतीला काय कळतंय.

२ फेब्रु.
दहातले सहा रेघेमागे. पुष्पाचा अंगठा पुन्हा सुजला. तिला जिलेबी दिली.

८ फेब्रु.
अण्णा म्हणाले, उद्या अंपायर दुसरा बघा. मी म्हटलं, नाही. तुम्हीच हवेत.
"पुन्हा हात आडवा करावा लागला तर?"
"तर करा."
बराच वेळ नियमांचं पुस्तक चाळत होते. त्यात हा नियम नाहीच.

९ फेब्रु., मैदान
आमची बॅटिंग झाली. चहा चाललाय, म्हणून एवढं लिहून घेते. जोन पॅड बांधतेय. मला बघून हात केला.
आई पहिल्यांदाच मैदानावर आलीय, रांगोळीचा डबा घेऊन. चुन्याची रेघ पुसट झाली होती. सगळ्यांसमोर पदर खोचून वाकली आणि ओढली. गोऱ्या बायका उभ्या राहून बघत होत्या.
पुष्पा हाका मारतेय. अण्णा जागेवर जाऊन उभे राहिलेत, दोन्ही हात कोटाच्या खिशात. वही आईकडे देते.