मौनात घेतलेली सही

९ फेब्रु.
आज सकाळी मी काय केलं, ते लिहून ठेवतो. आंघोळ, पूजा, मग पीठ. पहिलं गिऱ्हाईक जेवून हात धुवेपर्यंत मी बोलत नाही. आबांनी, म्हणजे वडिलांनी, वडीगोद्रीजवळ रस्त्याकडेला ही खानावळ काढली तेव्हापासूनचा त्यांचा नेम, आता माझा. धाकटा दिलीप नेमका तेव्हाच आला. "दादा, मागच्या दोन खोल्यांच्या परवान्याचा कागद हाय. जागा दोघांची, तुझी सही लागती." हात पुसून केली. वाचलं नाही. भावाचा कागद काय वाचायचा.

११ फेब्रु.
बोर्ड रंगवणारे सलीमभाई टेप घेऊन आले. "दादा, 'परमिट रूम' मोठं काढू का 'शुद्ध शाकाहारी'?"
म्हटलं, चुकून आलात.
"न्हाई, दिलीपनंच धाडलं. दोन्ही एका बोर्डावर बसंनात, म्हणून इचारून राह्यलो." हसले. मग माझं तोंड बघून टेप गुंडाळली.

संध्याकाळी दिलीपला विचारलं. म्हणाला, "सही तुझीच हाय ना?"
मी मौनात होतो रे.
"म्हणून तर तव्हा आल्तो. बोलता असतास तर न्हाईच म्हणला असतास."

१२ फेब्रु.
जेवण गेलं नाही. पत्र्याखाली दोन बाजा, एवढ्यावर आबांनी सुरू केलं. अंकुशनगरच्या साखर कारखान्याला ऊस नेणारे गाडीवाले पिठलं-भाकरी खाऊन तिथंच आडवे व्हायचे. पिऊन आलेल्यालाही आबा वाढायचे. बाटली मात्र गाडीत ठेवून ये म्हणायचे. दिलीप म्हणतो, आता बाटलीशिवाय कोण थांबतं? तेही खोटं नाही. दुपारी चार ताटं गेली. पण बार काढायला त्याने आबांचाच नेम वापरला.

१५ फेब्रु.
बायकोला सांगितलं, सही मागे घेतो. सुमन म्हणाली, "उन्हाळ्यात पुतणीचं लग्न हाय. भावाइरुद्ध अर्ज देऊन मंग पंगतीत कुठं बसताल?" थोड्या वेळाने तिनेच कोरा कागद आणून दिला.

१७ फेब्रु.
जालन्याला दारूच्या परवान्यांच्या कचेरीत अर्ज दिला. कारकून म्हणाला, "सख्खे भाऊ ना? घरात मिटवा की." म्हटलं, शिक्का मारा. मारला. पुढं काय होईल, त्यालाही सांगता येईना.
परतताना दिलीपच्या घरी गेलो. अर्जाची झेरॉक्स त्याच्या हातात दिली आणि तो सगळा वाचून होईपर्यंत समोर उभा राहिलो.