संघनायकपदाची सहल

५ जानेवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. कुणी वाचू नये म्हणून गादीखाली ठेवणार.

स्काउटच्या तासाला दोरगे सरांनी जाहीर केलं, यंदा आपल्या गरुड संघाचा संघनायक मी नेमणार नाही, तुम्हीच निवडायचा. पुढच्या सोमवारी मतदान. संघात आठ जण, आठ चिठ्ठ्या. जो निवडून येईल तो आमचा संघ राज्य पुरस्काराच्या शिबिराला घेऊन जाणार. शिट्टी त्याच्या गळ्यात. मला ती शिट्टी हवी आहे. पाचवीपासून हवी आहे.

सर म्हणाले, नेतृत्व मागून मिळत नसतं. माझ्याकडे बघूनच म्हणाले. म्हणजे त्यांनाही अंदाज आला आहे.

उमेदवार दोन. मी आणि मल्हार. मल्हार कासुर्डीहून सायकलवर येतो. त्याने स्वतः नाव दिलंच नाही, त्याच्या शेजारच्या बिरदेवने दिलं. तो आपला खाली बघत बसला. नेत्याने खाली बघून चालत नाही.

पप्पांना सांगितलं. पप्पा सोसायटीचे चेअरमन, त्यांना निवडणुकीतलं सगळं कळतं. त्यांनी विचारलं, समोरच्याला काय काय येतं? मी म्हणालो, गाठी, प्रथमोपचार, नकाशा, स्वयंपाक. पप्पा खूश. म्हणाले, मंग काय काळजी न्हाई. काम करणारी मानसं हमखास पडत्यात.

७ जानेवारी, बुधवार, सकाळी ८.१०

पाचला उठायचा संकल्प होता. उद्यापासून.

संध्याकाळी

गाठींचा सराव केला. सुतळीची गाठ माझ्या मनगटावर आणि खुर्चीच्या पायाला एकदमच बसली. आईने कात्रीने कापली. गाठ लई घट्ट हाय बरं का, असं तीच म्हणाली. एक विषय तयार.

८ जानेवारी, गुरुवार

आज बिनभांड्याचा स्वयंपाक. भांडं न वापरता बटाटे राखेत भाजायचे आणि कणकेच्या पानग्या करायच्या. नेता काम करत नाही, करवून घेतो, म्हणून मी लांब उभा राहून सूचना दिल्या. जाळ वाढवा, ही महत्त्वाची सूचना माझीच. बटाट्यांचा कोळसा झाला, त्याला वारा कारणीभूत.

मल्हारने स्वतःच्या वाटणीचे दोन बटाटे मला दिले. विरोधक घाबरला की असा गोड वागायला लागतो.

९ जानेवारी, शुक्रवार

शाळेच्या गेटवर फ्लेक्स लावला. माझा गॉगलवाला फोटो, खाली ‘भावी संघनायक पृथ्वीराज’. पहिल्या तासापर्यंत टिकला. दोरगे सरांनी स्वतः काढला आणि घडी करून माझ्या हातात दिला. फाडला नाही, याची नोंद घेतली पाहिजे. आईने तो कडब्यावर टाकला आहे. माझ्या फोटोची छोटी पत्रकं मात्र शिल्लक आहेत.

१० जानेवारी, शनिवार

बिरदेव बाकीच्यांना फोडणार, असा संशय. पप्पा म्हणाले, मतदानाच्या आदल्या दिवशी मतदार मोकळा सोडायचा नसतो. गेल्या निवडणुकीत त्यांनी आपले सगळे मतदार उचलून थेट कोकणात नेले होते आणि मतपेटीसमोरच उतरवले होते. सहल म्हंजी अर्धी निवडणूक, असं त्यांचं मत.

ठरलं. उद्या सहल, वढू बुद्रुक. मल्हार सोडून सहाही मतदार, आमची जीप आणि आमचे ड्रायव्हर रोहिदासमामा. मल्हारला पत्ता लागू द्यायचा नाही.

११ जानेवारी, रविवार, संध्याकाळी

सहल यशस्वी. किरकोळ अडचणी आल्या.

छत्रपतींच्या समाधीपाशी मतांचा विषय काढणार होतो. रोहिदासमामांनी दंडाला धरून बाजूला घेतलं. म्हणाले, पाव्हनं, हितं असलं काय बोलायचं न्हाई. दर्शन घ्या आन् गप गाडीत बसा. बसलो.

मग ढाब्यावर. मिसळ, वर जिलेबी. पोरांनी भरपूर खाल्लं, त्यावरून निष्ठा दिसली. तिथेच तीन बोटं वर करून शपथ घ्यायला लावली की पहिल्या नियमाप्रमाणे स्काउट विश्वसनीय असतो, सबब मत पृथ्वीराजलाच. बिरदेवने विचारलं, पुढचे नियम कंचे? मी म्हणालो, निवडणुकीला पहिला पुरतो.

जीपमध्ये चढताना बिरदेवचा पाय मुरगळला. घोटा बघता बघता सुजला. प्रथमोपचाराची पेटी मी आणली होती, पण पत्रकांना जागा हवी म्हणून बँडेज घरी काढून ठेवलं होतं. बिरदेव विव्हळत होता. मी धीर द्यायला पत्रकाने वारा घातला.

तेवढ्यात कुणीतरी रोहिदासमामांच्या मोबाइलवरून मल्हारला फोन लावला. सगळे स्पीकरभोवती गोळा. तो म्हणाला, बूट लगीच काढा, पाय उंच ठिवा, स्कार्फ आसा आसा गुंडाळा. जास्त आवळू नगा, बोटं निळी पडत्यात का बघा. पोरांनी तसं केलं. बिरदेव हसायला लागला. मग बराच वेळ सगळे फोनवर मल्हारशीच बोलत बसले. योग्य वेळी योग्य माणसाला फोन लावू देणं, हेही नेतृत्वच. स्कार्फ माझा होता.

आता गुप्तता राहिली नाही. पण मतं फिक्स. सहाच्या सहा.

१२ जानेवारी, सोमवार, सकाळी १०.४५

मतदान झालं. पहिल्या बाकावरून लिहितोय. सर चिठ्ठ्या उलगडतायत.

चिठ्ठी लिहिताना मल्हारकडे लक्ष गेलं. तसाच खाली बघत होता. एकदम वाईट वाटलं. माझी सहा कुठे जात नाहीत, पण याला सगळ्यांसमोर जेमतेम एक पडणार, तेही स्वतःचं. म्हणून माझं मत त्याला दिलं. मोठ्या मनाशिवाय नेता होता येत नाही.

दुपारी

मल्हार सात. मी एक.

सरांनी दोनदा मोजलं. मी तिसऱ्यांदा मोजायला लावलं.

मी स्वतःला मत दिलंच नव्हतं. तेव्हा सहांपैकी एक तरी शपथेला जागला. तो कोण ते शोधून त्याला मिठी मारायचं ठरवलं. मधल्या सुट्टीत एकेकाला गाठलं. पाच जणांनी माना खाली घातल्या. बिरदेव लंगडत जवळ आला आणि म्हणाला, राज्या, जिलेबी लई भारी व्हती.

शेवटी मल्हारच आला. गळ्यात शिट्टी. म्हणाला, ते मत माझं हाय. तुला एक बी पडलं न्हाई तर समद्यांम्होरं कसं वाटंल, म्हणून टाकलं.

रडू आलं. धुळीमुळे नाही.