परत आलेल्या बरण्या

प्रिय यागोडा,

शुक्रवारच्या बसनं पाठवलेली तुझी पिशवी पोचली. एकही बरणी फुटली नाही. ड्रायव्हरनं ती स्वतःच्या सीटमागे ठेवली होती आणि वर मलाच ऐकवलं, "काकू, रिकाम्या असून केवढ्या जड आहेत हो!" मी म्हटलं, "माझ्या बरण्या तुझ्या गाडीपेक्षा वेळेवर फिरतात. तू गाडीकडे बघ." खरं सांगू, मला आनंदच झाला. एरवी तुझ्या मागे लागावं लागतं, बरण्या पाठव गं, नाहीतर पुढच्या आठवड्याचं भरू कशात? या वेळी न मागता आल्या, त्याही लख्ख घासून. मनात म्हटलं, पोरगी शहाणी झाली.

मग काय, शनिवारी बाह्या सरसावून कामाला लागले. कोबीची पानं उकडली, कुट्टूचे दाणे आणि मशरूम भरून गुंडाळ्या केल्या. मांस चवीपुरतंच घातलं. ते महागही झालंय आणि तुझ्या सासऱ्यांना, झेनॉनला पचतही नाही. पांढरा घेवडा गाजर-टोमॅटोत मऊ शिजवला. बीट किसून ठेवलं. लिल्का बीटाला तोंड लावत नाही असं तू म्हणतेस, पण तीच माझी नात इथं आली की वाटी चाटूनपुसून खाते, कारण मी त्यात सफरचंद किसते. तूही किसत जा. सगळं बरण्यांत भरलं आणि पातेल्याच्या तळाशी जुना टॉवेल घालून त्या पाण्यात उकळत ठेवल्या. रविवारच्या कोंबडीच्या सूपचं तर तुला पाठच आहे. रविवारी शेवया घालून प्यायचं, उरलेल्यात सोमवारी टोमॅटो घालायचा. लग्न होऊन आलीस तेव्हा पहिल्याच सोमवारी तू ते सूप मोरीत ओतायला निघाली होतीस. मी अशी ओरडले की शेजारची हालिना धावत आली. तिला वाटलं, कुणीतरी भाजलं.

उजाडायच्या आत डेपोतून ट्राम बाहेर काढणाऱ्या बाईनं संध्याकाळी घरी येऊन पुन्हा कुठे स्वयंपाकाला जुंपायचं? बरणी उघडावी, गरम करावं, पोरीला जवळ घेऊन जेवावं. डेपोतले तुला 'बरणी' म्हणून चिडवतात, तर चिडवू देत. वॉर्सात घरून बरण्या आणणाऱ्या बाहेरगावच्या माणसाला हेच नाव. आणि तीच मंडळी दुपारी तुझ्या गुंडाळ्यांवर डोळा ठेवून असतात, हे तूच मला सांगितलंयस.

तर मी झाकणं आवळत होते आणि झेनॉन ती रिकामी पिशवी हातात धरून दारात उभा. मला म्हणाला, "अगं बोगुस्या, यात लोणच्याची मोठी बरणीसुद्धा आलीय. ती तर तू तिला कायमची दिली होतीस ना? वेडाबाई, तिनं या भरायला नाही पाठवल्या. परत केल्यात." हातातलं झाकण मी तसंच अर्धवट ठेवलं. ओट्यावर तुझा अख्खा आठवडा शिजून तयार होता आणि मला आता कुठे कळत होतं.

गेल्या महिन्यात कोर्टात तुमच्या घटस्फोटाचा निकाल लागला. सेवेरिन माझा मुलगा आहे, त्याला मी टाकणार नाही. पण तुला आणि लिल्काला सोडून त्यानं ग्दान्स्कला दुसरा संसार मांडला, ते मी चांगलं म्हणणार नाही, आणि हे त्याला तोंडावर सांगून झालंय. परवा हालिना विचारते, "सून सुटली, आता कुणाच्या पोरीसाठी राबतेस गं?" मी म्हटलं, "माझ्या. तुझ्या पोटात का दुखतंय?" तिला गप्प केलं खरं, पण घरी येऊन रडले. तुझ्यापासून काय लपवायचं?

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. भरलेल्या बरण्यांच्या पिशवीतच ते घातलंय. खाणं ठेवून घे, अन्नावर राग काढू नये. यापुढे तुला त्यांचं ओझं वाटत असेल तर पाठवणार नाही, लिल्काला भेटायला हात हलवत येईन. बरण्यांचं मला एवढं काही नाही. पण सामान पाठवतेय हे सांगायला तू गुरुवारी फोन केलास आणि मला 'बोगुमिलाबाई' म्हणालीस. मला आधी वाटलं, शेजारी तुझे साहेब उभे असतील, म्हणून अशी परक्यासारखी बोलतेयस. तू बरण्या परत केल्यात हे कळलं तेव्हा उलगडा झाला. बाई म्हणायला मला गावात पोस्टातली मुलगी आहे, डॉक्टर आहे, पाद्री आहे. मला मुलगी नव्हती, ती तू आई म्हणालीस तेव्हा मिळाली. कोर्टानं तुला आणि सेवेरिनला एकमेकांपासून मोकळं केलं. आपल्या दोघींना मोकळं करा म्हणून मी तरी कुणाकडे गेले नव्हते. तुला तसं हवं असेल तर स्पष्ट सांग, मी सोसेन. नसेल, तर रविवारी फोन कर आणि मला नीट हाक मार.

तुझीच,
आई