हनुवटीवरचा व्रण

१२ मार्च, सकाळी

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक आहोत. तुझा फोटो स्टुडिओ जोरात चालतो असं ऐकतो. परवा माझ्याच एक जुन्या गिऱ्हाईक बाई तुझ्याकडून फोटो काढून आल्या आणि मलाच दाखवत बसल्या. नाक बटाट्यासारखं, जसंच्या तसं. मी तसं काढलं असतं तर चित्र माझ्या तोंडावर फेकलं असतं; फोटोचं मात्र कोण कौतुक!

ठीक आहोत असं वर लिहिलं खरं, पण ठीक नाही रे. ठमी, तुझी लाडकी पुतणी, महिनाभर अंथरुणाला खिळली आहे. काल डॉक्टरांनी मला जिन्यात गाठलं आणि खांद्यावर हात ठेवला. मी काय ते समजलो.

मग दिवसभर तिच्या उशाशी बसून चित्र काढलं. मला ते छान वाटलं. तुझ्या वहिनीला दाखवलं तर म्हणाली, "ही कोण?"

मी चिडलो. तिने झोपलेल्या ठमीच्या हनुवटीवर बोट ठेवलं. "पाळण्यातून पडली तेव्हाचा हा व्रण तुमच्या एका तरी चित्रात आहे का? हा पुढे आलेला दात? मला माझी मुलगी हवी, तुमची गुळगुळीत बाहुली नको."

भिंतीवरची सगळी चित्रं उतरवून पाहिली. एकातही व्रण नाही. जन्मभर लोकांचे वांग आणि देवीचे डाग पुसून पोट भरलं, हाताला तेच वळण लागलं. पुन्हा बसलो, मुद्दाम व्रण काढला, तर तो वरून चिकटवल्यासारखा दिसतो. जित्याची खोड म्हणतात ती हीच. म्हण पुरी लिहवत नाही.

"तो कॅमेऱ्याचा डबा घेऊन माझ्या दारात पाय ठेवू नकोस," असं मीच तुला म्हटलं होतं. आता तुझ्या पाया पडतो, तो डबा घेऊन ये. मिळेल त्या गाडीने ये. तिच्या खिडकीत सकाळी उजेड चांगला असतो. माणूस हलला की फोटो बिघडतो म्हणतोस ना? ठमी आता फारशी हलत नाही. काका सहज येतोय, असं तिला सांगितलंय.

आणि एक. फोटो तयार झाला की तूही ब्रश घेऊन डाग पुसत बसतोस, ठाऊक आहे मला, मीच शिकवलंय. या फोटोला ब्रश लावू नकोस. दात राहू दे. व्रण राहू दे.

हात टेकलेला,
तुझा दादा