डिस्क धुळीला लागली की जमिनीला, याबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
चेअरमन चषक आंतरमहाविद्यालयीन फ्रिसबी स्पर्धा (पुरुष),
डोंगरपट्टा सहकारी दूध संघ मर्यादित,
अंबाजोगाई, जि. बीड.

अर्जदार : रामकिसन आश्रुबा शिरसाट, बी.एस्सी. द्वितीय वर्ष, रा. शिरूर कासार, ह.मु. मुलांचे वसतिगृह, खोली क्र. ९, पाली रोड, बीड.

विषय : दि. १ मे २०१६ रोजीच्या अंतिम सामन्यात अर्जदाराने शेवटचा झेल घेतला नव्हता, हे मान्य होणेबाबत.

संदर्भ : १) आमच्या वसतिगृहाच्या अधीक्षकांची तक्रार, दि. ३ मे.
२) आपले पत्र, दि. ५ मे, सोबत कोरा नमुना ४.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जात 'मी' लिहू नये, 'अर्जदार' लिहावे, हे आमचे अधीक्षक मा. अर्जुनराव यांनीच पहिल्या वर्षी शिकवले. ते शिकवणे आज त्यांच्याच तक्रारीविरुद्ध कामी येत आहे, याबद्दल अर्जदार दिलगीर आहे. पण फार नाही.

१. सदर खेळात सात जणांचा संघ प्लास्टिकची तबकडी, जिला आम्ही डिस्क म्हणतो, एकमेकांकडे फेकत मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यापर्यंत नेतो. त्या पट्ट्यात झेलली की गुण. जमिनीला लागली की डिस्क समोरच्यांची. या खेळात पंच नसतो. ज्याची चूक त्याने तोंडाने सांगायची असते. हे ऐकून आपल्या कार्यालयातील एका साहेबांनी "मग चालतंय कसं हे?" असे विचारल्याचे कळते. चालते. आमच्या गावच्या सोसायटीच्या निवडणुकीत साहेब, शिपाई आणि पोलीस एवढे सगळे उभे करूनही जे चालत नाही, ते इथे चालते.

२. दुष्काळामुळे संघाचे दूध संकलन निम्म्यावर आले आणि दुधाचे टँकर आवारात नुसते उभे राहिले, हे आपणास ठाऊक आहेच. म्हणून मा. चेअरमन सुंदरराव यांनी उद्घाटनाच्या भाषणात जाहीर केले, "चषक तर देऊच, पर जिंकंल त्याच्या होस्टेलला जूनपस्तोर रोज एक टँकर पानी." टाळ्या पडल्या. अर्जदारानेही वाजवल्या. आमच्या वसतिगृहाचा बोअर फेब्रुवारीतच आटला. मुले एकशेबारा. तिघांच्या एका खोलीला दिवसाला दोन घागरी. मेसच्या दगडाबाई भाकरी थापायच्या सोडून सकाळभर विहिरीवर नंबर धरून उभ्या असतात. तेव्हा टँकर म्हणजे काय, हे अर्जदाराला कोणी समजावून सांगू नये.

३. अंतिम सामना अंबाजोगाईच्या संघाशी झाला. बारा-बारा अशी बरोबरी झाली, पुढचा गुण घेईल तो जिंकणार. आमचा कॅप्टन सिदू याने लांबून डिस्क फेकली. अशी डिस्क त्याने आयुष्यात फेकली नव्हती. अर्जदार पट्ट्यात आडवा झेपावला, डिस्क हातात आली आणि धुळीचा एवढा लोट उठला की कोणाला काही दिसेना. धूळ खाली बसेपर्यंत आमची मुले नाचू लागली होती. अंबाजोगाईची मुले तर हस्तांदोलनाला निघाली होती. अर्जदार उठला आणि म्हणाला, "लागली." कोणी ऐकले नाही म्हणून पुन्हा म्हणाला, "आधी जमिनीला लागली, मग हातात आली." समोरच्या कॅप्टनने विचारले, "खरंच का बे?" अर्जदार म्हणाला, "खरंच." डिस्क त्यांना गेली आणि चार फेकींत त्यांनी गुण घेतला. घडले ते एवढेच. यात गूढ काही नाही.

४. यावर मा. अधीक्षकांनी जी तक्रार केली ती अर्जदाराने तीन वेळा वाचली आणि तिन्ही वेळा त्याला त्यांच्या बुद्धीचे कौतुक वाटले. त्यांचे म्हणणे असे की, मैदानावर चार बोटे धूळ होती. डिस्क लागली ती धुळीला. जमीन धुळीच्या खाली होती. सबब डिस्क जमिनीला लागलीच नाही आणि टँकर बीडला वळवावा. यावर अर्जदाराचे नम्र म्हणणे असे की, धूळ हीच जमीन आहे. शिरूर तालुक्यात दुष्काळाच्या तिसऱ्या वर्षी जमीन म्हणून जे काही शिल्लक आहे ते हेच. सातबाऱ्यावर तिलाच जमीन लिहितात, पंचनाम्यात तिलाच जमीन लिहितात. पीक बुडते तेव्हा जी जमीन असते, ती डिस्क पडल्यावर धूळ होत नाही.

५. ही बाब टिकणार नाही हे ओळखून मा. अधीक्षकांनी दुसरा कागद स्वतः टाइप करून आणला. "उन्हामुळे भोवळ येऊन भान हरपल्याने मी चुकून लागली असे बोललो" असा त्यातील मजकूर आहे. अर्जदारास भोवळ आली नव्हती. भोवळ आली असती तर तो पडून राहिला असता आणि आज सगळ्यांचा लाडका असता. सही केली नाही तर परीक्षा तोंडावर असली तरी १२ तारखेपर्यंत खोली सोडावी, असेही त्यास सांगण्यात आले आहे. मा. अधीक्षक वाईट गृहस्थ नाहीत. ते स्वतः एका बादलीत अंघोळ आणि कपडे दोन्ही उरकतात. "पोरांसाठी सही मागतोय बाबा, माझ्यासाठी न्हाई," असे ते म्हणाले. अर्जदाराला त्यांचा राग येतो आणि त्यांची दयाही येते. सही मात्र येत नाही.

६. वसतिगृहात आता कोणी अर्जदाराशेजारी जेवायला बसत नाही. सामना संपताच सिदू म्हणाला होता, "लई शहाणा झालास बे. एकशेबारा पोरांचं पानी सांडलंस." त्यानंतर आठ दिवस तो एक शब्द बोललेला नाही. खोली एकच आहे. दोन घागरींतला अर्जदाराचा वाटा तो रोज वेगळा काढून ठेवतो आणि तोंड फिरवतो. अर्जदाराच्या आईने फोनवर विचारले, "कावून बोललास? गप बसला असतास तर कोन इचारनार व्हतं?" कोणी विचारणार नव्हते, हे खरे आहे. म्हणूनच सांगावे लागले. हे आईला समजावता आले नाही आणि अर्जदार फोन ठेवून रडला, हेही या अर्जात लपवायचे कारण नाही. एकट्या दगडाबाईंनी रिकामी कळशी काखेला लावता लावता विचारले, "लागली व्हती का रं?" अर्जदार म्हणाला, "लागली होती." त्या म्हणाल्या, "मग झालं," आणि विहिरीकडे गेल्या. अर्जदार दुसरी कळशी घेऊन त्यांच्यामागे गेला.

७. आपल्या पत्रात असे नमूद आहे की, तक्रारीचा निर्णय पंचाच्या अहवालावर होईल, पंच नसल्यास संबंधित खेळाडूने नमुना ४ भरून द्यावा आणि त्याने झेल घेतल्याचे लिहिल्यास निकाल बदलून टँकर बीडला पाठवण्यात येईल. म्हणजे टँकरची किल्ली आपण अर्जदाराच्या हातात दिली आहे. हा नमुना कबड्डीसाठी छापलेला असून 'कबड्डी' खोडून वर पेनने 'फ्रिसबी' लिहिलेले आहे. तरीही अर्जदाराने तो भरला आहे, तो असा :

पंच घटनेपासून किती फुटांवर होता? – शून्य. डिस्कवर पालथा पडला होता.
पंचाने शिट्टी वाजवली काय? – नाही. तोंडात माती होती.
पंचावर कोणाचा दबाव आहे काय? – एकशेबारा मुले, एक अधीक्षक, एक आई आणि स्वतःची तहान.
पंचाचा निर्णय – डिस्क जमिनीला लागली होती.

८. सबब विनंती की, अंबाजोगाईच्या संघाचा विजय कायम ठेवावा आणि त्यांचा टँकर त्यांनाच द्यावा. त्यांच्याही वसतिगृहात नळाला वारा येतो. आमच्यासाठीचे पाणी अर्जदार येथे वेगळे आणि ठणकावून मागत आहे. संघाच्या आवारात रिकामे टँकर एकाहून अधिक आहेत, ते अर्जदाराने सामन्याच्या दिवशी मोजले आहेत. एकशेबारा मुलांना प्यायला पाणी नाही, एवढे कारण आपणास पुरेसे वाटावे. ते पुरेसे नसेल, तर खोट्या झेलाने ते पुरेसे कसे होते, याचा लेखी खुलासा मिळावा. आमच्या सभासद घरांनी तीस वर्षे संघाला दूध घातले आहे. ते घालताना कोणी आम्हाला आधी सामना जिंकून या म्हणाले नव्हते.

या अर्जामुळे आपणास त्रास होईल याची अर्जदारास जाणीव आहे. तो व्हावा, अशीच इच्छा आहे.

आपला नम्र, परंतु निकालावर ठाम,

(सही)
रामकिसन आश्रुबा शिरसाट
अर्जदार, खेळाडू व पंच

बीड, दि. ९ मे २०१६

सहपत्रे :
१) भोवळ आल्याबाबतचा टाइप केलेला कागद, सही न करता परत.
२) खोली क्र. ९ ची किल्ली जोडलेली नाही. ती अर्जदाराच्या खिशात आहे व परीक्षा संपेपर्यंत तेथेच राहील.
३) नमुना ४, भरलेला. त्यातील 'साक्षीदार' हा रकाना अर्जदाराने कोरा सोडला होता, कारण धुळीत दुसऱ्या कोणाला काही दिसलेच नव्हते. आज सकाळी अर्जदार पाणी भरून परत आला तेव्हा तो रकाना भरलेला आढळला. अक्षर कॅप्टन सिदूचे आहे. मजकुरात अर्जदाराने काहीही फेरफार केलेला नाही :

"म्या पाह्यलं न्हाई. पर रामकिसन म्हनतो लागली, म्हंजी लागली."