चौदाव्या सोमवारचं मीठ

एका चिमटीसाठी कोणी चौदा सोमवार फेकून देतं का, आये? तेव्हा भांडलो, आज आठ वर्षांनी परत भांडतोय. तुझ्या देवाला ग्लासातलं मीठ दिसलं आणि तू दिसली नाहीस?

पोरगा एका कामावर टिकत नाही म्हणून तू सोळा सोमवार धरलेस. दिवसभर पोटात काही नाही, संध्याकाळी गुळातला चुरमा, त्यात मिठाचा कण नाही. आणि त्या चौदाव्या सोमवारीही तू भिवंडीला लूमच्या शेडात सुताच्या कांड्या भरायला उभी. मी तिथंच कापडाचे तागे उचलतोय, लागून महिनाही झालेला नाही. दुपारी तू मशीनशेजारी बसतेस ती उठतच नाहीस. कारीगर ओरडतो, "अरे, अम्मा को कुछ पिला पहले!" मी चहावाल्याकडून पाण्यात साखर घेतो, चिमूटभर मीठही घालतो, जुलाबाला देतात तसं. तू डोळे न उघडता विचारतेस, "मीठ न्हाय ना रं यात?" "न्हाय गं, नुसती साखर हाय." अर्धा ग्लास पितेस, ओठांवरून जीभ फिरवतेस आणि माझ्याकडे बघतेस. त्यापेक्षा शिवी दिली असतीस तर बरं होतं. संध्याकाळी घरी जायला दिघाशीच्या एसटीत बसलो. मग म्हणालीस, "माझा जीव राखलास, पण शबूद बुडवलास." मी म्हटलं, "मग सोड ना आता उपास!" "सोडतंय कोन? पुढल्या सोमवारी परत पयला."

नऊ झाले. दहावा तू बघितलाच नाहीस. कावीळ झाली आणि अंगात झुंजायला काही उरलंच नव्हतं. मी खरं बोललो असतो तर तू ते पाणी प्यायली नसतीस, आणखी दोनच सोमवारांत उपासातून सुटली असतीस. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

उरलेले सात यंदा ताईनं माझ्या गळ्यात घातले. "तुझ्यासाठी धरलेले ना, तूच पुरे कर." मी आता बिकानेरच्या पुढे मोबाईलचे टॉवर उभे करतो. पंधरा दिवसांनी गाव बदलतं. बघ, टिकलो का ते. दोन सोमवार धरले. तिसऱ्याला वर चढलो आणि लोखंडच डोळ्यांपुढे फिरायला लागलं. जोडीदारानं खाली उतरवून बाटली तोंडाला लावली. पहिल्या घोटालाच जिभेला पाण्यातलं मीठ कळलं. तरी सगळी प्यायलो, तळापर्यंत. तुझ्यासारखं पहिल्यापासून धरलं नाही. पुढचेही धरले नाहीत.

ताईला फोनवर सांगितलं, सातही झाले. ती रडली. आता उद्यापन करतेय, सोळा जोडपी जेवायला बोलावलीत, खारबावची मावशी चुरमा करायला येणार आहे. खोटं बोलायला मला तुझंच व्रत सापडतं बघ. हा कागद टाकू कुठं, राहील बॅगेत. ताईच्या नावाची, उद्यापनाच्या खर्चाची मनीऑर्डर मात्र उद्या जाईल, अडीच हजार रुपये.